बालपणाची जखम आणि बाप्तिस्म्याचा निर्णय

प्रश्न असा आहे. तिशीतल्या एका ताईंचं बालपण बौद्ध घरात गेलं. वडील दारू पिऊन मारायचे. आई मध्ये पडायची नाही. सगळं शांत झाल्यावर मुलीला जवळ बसवून सांगायची, "मागचं काहीतरी फेडतेस. रडू नकोस, डोळे मिट, श्वास बघ." आता त्या एका मैत्रिणीबरोबर नियमित चर्चला जातात. तिथे प्रार्थनेत आपल्याला पहिल्यांदा मोकळेपणी रडता आलं, असं त्या लिहितात. मंडळीतले, म्हणजे त्या चर्चच्या समुदायातले लोक बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) घ्या म्हणतात. ताईंना जाणून घ्यायचं आहे की ही खरी श्रद्धा आहे की घरापासून काढलेला पळ? आईशी हा द्रोह होतो का? ख्रिस्ती झाल्यावर वडिलांना माफ करावंच लागतं का? आणि ध्यान सोडून द्यायचं का?

ताई, मी समुपदेशक आहे. लहानपणी घरात मार, अपमान किंवा दुर्लक्ष सोसलेल्या मोठ्या माणसांबरोबर माझं बहुतेक काम चालतं. त्यांच्यातली बरीच जणं कधी ना कधी श्रद्धेच्या प्रश्नापाशी येतात. कोणी धर्म सोडतं, कोणी बदलतं, कोणी त्याच धर्मात नव्याने परत येतं. कोणता धर्म खरा हे ठरवणं माझं काम नाही आणि या उत्तरात मी ते करणारही नाही. मला सांगायचं आहे ते हे: बाप्तिस्मा घ्यायचा की नाही हा एक निर्णय आहे आणि गेलेल्या बालपणासाठी रडून घेणं, त्याचा हिशेब लावणं हे वेगळं काम आहे. पहिल्यामुळे दुसरं आपोआप होत नाही. मंडळीतलं कोणी तसं सांगत असेल, तर प्रेमाने सांगत असलं तरी ते खरं धरू नका.

आधी पळ काढण्याबद्दल. पळ काढणं वाईटच, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. मार खाणारं मूल पळतं ते जगण्यासाठी, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाचा सिद्धांत मांडला. मूल घाबरलं की ज्याच्याकडे धाव घेतं तो त्याचा सुरक्षित आसरा, हा त्यातला मूळ विचार. पुढे ली कर्कपॅट्रिक आणि पेर ग्रँकविस्त या मानसशास्त्रज्ञांनी हाच विचार देवाशी असलेल्या नात्याला लावून पाहिला. २००४ मध्ये त्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात दिसलं की ज्यांचं धर्मांतर अचानक, झपाट्याने झालं त्यांच्यात आईवडिलांशी असुरक्षित नातं असलेल्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. म्हणजे तुमच्यासारख्या वाटेने अनेक जण गेले आहेत.

हे वाचून "तुझा देव म्हणजे नुसती बापाची भरपाई" असं कोणी तुम्हाला म्हणालं तर खचू नका. एखाद्या गोष्टीची गरज होती, एवढ्यावरून जे सापडलं ते खोटं ठरत नाही. प्रेमळ घरात वाढलेली माणसंही आपल्या आईबापांचाच चेहरा देवावर चढवतात, फक्त त्यांना कोणी जाब विचारत नाही. मात्र माझ्या कामात मी हेही पाहिलं आहे की जी श्रद्धा केवळ आधाराच्या गरजेवर उभी असते, ती पहिली मोठी प्रार्थना निष्फळ वाटली किंवा मंडळीतल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाने दुखावलं की कोसळते. मग माणसाला जुनं घर तुटल्याचं आणि नवं घर गेल्याचं, अशी दोन्ही दुःखं एकदम झेलावी लागतात.

तुम्हाला नेमकं काय ओढतं आहे, याचा मी थोडा अंदाज करते. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आनंदाला सांगतात, "अत्त दीप" होऊन राहा, स्वतःचा आधार स्वतः व्हा आणि धम्माला शरण जा. पायावर उभ्या असलेल्या माणसाला हे वचन मोठं बळ देतं. पण ज्या मुलीला कळायला लागल्यापासून कोणी वाली नव्हता, तिला त्यात पुन्हा "तुझं तू बघ" एवढंच ऐकू येऊ शकतं. करणीय मेत्त सुत्तात मैत्रीभावनेला उपमा दिली आहे ती आपल्या एकुलत्या एका मुलाला प्राण पणाला लावून जपणाऱ्या आईची. तुमच्या आईने तसं जपलं नाही. ती ओळ म्हणताना घसा दाटून येतो, असं मला अनेकांनी सांगितलं आहे. आणि मग तुम्ही बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात एक बाप पाहता, जो भरकटलेल्या मुलाला लांबूनच ओळखतो आणि स्वतः धावत जाऊन त्याला मिठी मारतो. रडू आलं नसतं तरच नवल.

पण याच्या उलटही होतं, त्याची तयारी ठेवा. आज ना उद्या "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे तुमचेच वडील उभे राहतील, हात उगारलेले. तेव्हा आपली श्रद्धा कमी पडली असं वाटेल. तसं काही नसतं. शरीराला जो बाप ठाऊक आहे, तोच ते आठवतं. अशा वेळी काही जण प्रार्थनेत बरेच दिवस "पिता" हा शब्द टाळून "प्रभू" किंवा "मेंढपाळ" म्हणतात. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात एकोणपन्नासाव्या अध्यायात तर देव स्वतःची तुलना दूध पाजणाऱ्या आईशी करतो आणि म्हणतो की एखादी आई विसरेलही, पण मी विसरणार नाही. पवित्र शास्त्रात तुम्हाला सोसेल अशी प्रतिमा शोधायला जागा आहे.

आता घरात जे झालं आणि धम्म जे सांगतो, त्या दोन गोष्टी वेगळ्या करून बघू. यासाठी मी तुम्हाला वेळ द्यायला सांगते, कारण इथे घाई केली तर पुढे आईशी बोलणं फार अवघड होतं. पंचशीलातलं पहिलं शील हिंसेपासून आणि पाचवं नशेपासून दूर राहण्याचं आहे. तुमच्या घरात दोन्ही मोडली जात होती. सिगालोवाद सुत्तात मुलांची आईबापांबद्दलची कर्तव्यं आहेत, तशी आईबापांची मुलांबद्दलचीही आहेत: त्यांना वाईटापासून आवरणं, चांगल्याकडे वळवणं, विद्या-कौशल्य शिकवणं, योग्य वेळी त्यांचा वाटा हाती देणं. आणि "मागचं फेडतेस" या वाक्याबद्दल तर संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात सरळ उत्तर आहे. मोळियसीवक नावाचा परिव्राजक (फिरता संन्यासी) बुद्धांना विचारतो की माणसाच्या वाट्याला येणारं प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्मामुळेच येतं, हे खरं का? बुद्ध ते नाकारतात. पित्त, कफ, वात, त्यांचं एकत्र बिघडणं, ऋतूतला बदल, स्वतःची हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ, अशी आठ कारणं ते मोजतात. बाहेरून झालेला आघात हे कर्माहून वेगळं कारण म्हणून मांडलेलं आहे. शिवाय कित्येक बौद्ध पूर्वजन्मीच्या कर्माचा असा अर्थ मुळीच मानत नाहीत. तुमच्या आईने जे सांगितलं, ते एका घाबरलेल्या बाईने स्वतःला आणि तुम्हाला गप्प ठेवण्यासाठी हाताशी येईल ते उचललेलं वाक्य होतं. तुम्हाला बौद्ध ठेवावं म्हणून मी हे सांगत नाही. तुम्ही जे सोडता आहात ते नेमकं काय आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

कारण बौद्ध विचार सोडण्याची खरी, विचारांती ठरलेली कारणंही असू शकतात. ब्रिस्टल विद्यापीठातले बौद्ध तत्त्वज्ञानाचे अभ्यासक पॉल विल्यम्स वीसहून जास्त वर्षं तिबेटी परंपरेतले बौद्ध होते आणि २००० मध्ये कॅथलिक झाले. पुनर्जन्मात पुढे जाणारा "मी" हा मीच नसेन, मग त्यात माझ्यासाठी आशा कुठली, हा त्यांच्या विचारातला एक मोठा मुद्दा होता. ते लहानपणी ख्रिस्ती घरात वाढले होते, त्यामुळे त्यांची वाट तुमच्याहून वेगळी आहे. पण फरक कुठे पडतो हे त्यांच्याकडे पाहून कळतं: जगाचा कर्ता आहे की नाही, आत्मा आहे की अनात्म (कायमचा आत्मा नाहीच), सुटका स्वतःच्या प्रयत्नाने की कृपेने, मेल्यावर पुनर्जन्म की पुनरुत्थान. "सगळे धर्म एकच सांगतात" म्हणून हे प्रश्न बाजूला सारू नका.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक काम देते. घराचा, आईवडिलांचा, मारझोडीचा एकही उल्लेख न करता येशूबद्दल लिहा: तो तुम्हाला का खरा वाटतो, त्याचं काय पटतं, काय पटत नाही. सुरुवातीला बहुतेकांना दोन ओळींपुढे जाता येत नाही. काही महिन्यांनी कोणाला पानभर लिहिता येतं, तर कोणाच्या लक्षात येतं की त्यांना मंडळीतली माणसं हवी होती, श्रद्धा नव्हे. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत आणि दोन्हींचा उपयोग होतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जुनं दुखणं नव्या धर्मात नव्या भाषेत परत येतं. घरी जे "कर्म" होतं, ते काही मंडळ्यांत "पाप" किंवा "पिढीजात शाप" होतं. निर्गम ग्रंथात वडिलांच्या अपराधाचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जातो असं एक वचन आहे. ते दाखवून तुम्हाला सांगितलं जाईल की तुमच्या घराण्यावर शाप आहे, तो तोडायला विशेष प्रार्थना हवी. सात-आठ वर्षांची तुमच्यातली मुलगी लगेच मान डोलावेल, कारण दोष आपल्यात आहे हे ऐकण्याची तिला सवय आहे. तेव्हा यहेज्केलाचा अठरावा अध्याय उघडा. तिथे स्वच्छ म्हटलं आहे की मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. हा प्रश्न मोळियसीवकाच्या प्रश्नाच्या किती जवळचा आहे, पाहा. त्याच वाक्यात पुढे देवाची कार्यं त्याच्या ठायी प्रकट व्हावीत असं येतं. त्याचा आधार घेऊन कोणी तुम्हाला "देवाने तुला मार खाऊ दिला तो या कामासाठीच" असं सांगितलं तर मान्य करू नका. तिथे येशू त्या माणसाला दृष्टी देतो, त्याच्या आंधळेपणाचं गुणगान करत नाही.

तसंच "रडू नकोस, श्वास बघ" याच्या जागी "आता तू नवी उत्पत्ती आहेस, जुनं होऊन गेलं, आनंद कर" हे येऊ शकतं. १९८४ मध्ये जॉन वेलवूड या मानसोपचारतज्ज्ञाने, जे स्वतः बौद्ध साधक होते, अध्यात्माचा आसरा घेऊन मनातलं न मिटलेलं दुःख टाळण्याच्या या सवयीबद्दल लिहिलं. ही सवय कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही. बायबलमधली स्तोत्रसंहिता वाचा. तिच्यातली कितीतरी स्तोत्रं तक्रारीची, आक्रोशाची आहेत आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. ज्या मंडळीत हे स्तोत्र मोठ्याने वाचायला कोणाला अवघड वाटत नाही, तिथे तुमच्यासारख्या माणसाला जागा आहे.

साक्ष देण्याबद्दल थोडं थांबून बोलते, कारण इथे मी माणसांना फार दुखावलं गेलेलं पाहिलं आहे. बऱ्याच मंडळ्यांत नव्या विश्वासूला सगळ्यांपुढे उभं करून आपली कहाणी सांगायला लावतात. तुमची कहाणी ऐकायला लोकांना आवडेल: बौद्ध घर, दारुडा बाप, अंधार, मग येशू, मग प्रकाश. ती टाळ्या मिळवेल, आणि हळूहळू तुम्ही ती टाळ्यांच्या मापाने सांगायला लागाल. तुमची आई, जी त्या घरात स्वतःही मार खात असेल, त्या कहाणीत फक्त अंधाराचा भाग होऊन राहील. आणि एकदा कोणी ते ध्वनिमुद्रित केलं की ते कुठे पोहोचेल यावर तुमचा ताबा राहत नाही. पहिली काही वर्षं जाहीर साक्ष देऊ नका. "मला येशूवर विश्वास ठेवावासा वाटतो" एवढं सांगितलं तरी पुरतं. बाकीचं एका विश्वासू माणसाला किंवा प्रशिक्षित समुपदेशकाला सांगा. रात्री दचकून जाग येणं, अंगावर कोणी हात ठेवला की गोठून जाणं, स्वतःला इजा करण्याचे विचार, यातलं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटणं लांबवू नका. तोवर तुमच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वडिलांना माफ करण्याविषयी. क्षमा ख्रिस्ती जीवनात मध्यभागी आहे, हे मी लपवणार नाही. प्रभूच्या प्रार्थनेतच ती आहे आणि आज ना उद्या तुम्हाला तिच्यासमोर उभं राहावं लागेल. पण क्षमा करणं, समेट करणं आणि पुन्हा त्या माणसाच्या हाती स्वतःला देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पत्तीच्या ग्रंथात योसेफाला त्याच्या भावांनी खड्ड्यात टाकलं आणि विकलं. पुढे ते धान्यासाठी त्याच्या दारात येतात तेव्हा तो लगेच गळ्यात पडत नाही. ओळख लपवतो, त्यांना पारखतो, मध्येच बाजूला जाऊन रडतो. धाकट्या भावाच्या जागी यहूदा स्वतः गुलाम व्हायला तयार होतो, भाऊ बदलले आहेत हे दिसतं, आणि तेव्हाच योसेफ स्वतःची ओळख सांगतो. मधल्या काळात तो त्यांना धान्य देतो, म्हणजे सूडही उगवत नाही. तुमचे वडील अजून "मी काय केलं?" म्हणत असतील, तर भेट न घेता, अंतर राखून, मनातला सूड हळूहळू सोडत राहणं हे तुम्ही करू शकता. त्याला वर्षं लागली तरी चालतील. आधी राग नीट ओळखावा लागतो आणि तुमच्या लिहिण्यात वडिलांवरचा राग मला अजून दिसत नाही, आईवरचा दिसतो.

आईवरूनच द्रोहाच्या प्रश्नाकडे येते. कित्येक कुटुंबांत बौद्ध असणं ही केवळ उपासनेची पद्धत नसते. तो आत्मसन्मान असतो, आजी-आजोबांनी मिळवलेली ओळख असते. तुमच्या निर्णयाने आईला "माझं सगळंच चुकलं असं ही म्हणते आहे" असं ऐकू येईल. म्हणून दोन गोष्टी एका बैठकीत सांगू नका. बालपणाबद्दलचं बोलणं वेगळ्या दिवशी, श्रद्धेबद्दलचं वेगळ्या दिवशी. श्रद्धेबद्दल बोलताना धम्मावर टीका करू नका. "आई, मला प्रार्थना करायला लागल्यापासून झोप लागते" यासारखं तुमच्यापुरतं खरं असलेलं काहीतरी सांगा. काही मंडळ्या घरातल्या बुद्धमूर्ती काढून टाका, तोडा असं सांगतात. आईच्या घरातल्या मूर्तीला हात लावायचा तुम्हाला अधिकार नाही आणि ख्रिस्ती होण्यासाठी त्याची गरजही नाही. कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी जाहीर केलेल्या घोषणापत्रात बौद्ध धर्माचा आदराने उल्लेख आहे आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असं म्हटलं आहे. बुद्धाचा तिरस्कार हीच विश्वासाची खूण मानणाऱ्या मंडळीपासून जरा दूर राहिलेलं बरं. तुमच्या आधीच्या आयुष्यातून तुम्हाला कोणी कापून काढत असेल, जुन्या मैत्रिणी सोडायला लावत असेल, पैसे किंवा फोन तपासत असेल, तर तो धोक्याचा इशारा समजा.

आई कदाचित काही महिने बोलणार नाही. तिच्याकडे जाणं बंद करू नका, फक्त मुक्काम करायचा की नाही ते वडिलांचं वागणं पाहून ठरवा. धर्म बदलण्याचे कायदेशीर परिणाम जागोजागी वेगळे असतात, तेवढे मात्र आधी वकिलाकडून समजून घ्या.

बाप्तिस्म्याची घाई नको. तुम्हाला कोणी "आजच घ्या, उद्याचं काय सांगावं" म्हणत असेल, तर त्यांना सांगा की प्राचीन मंडळीच्या एका जुन्या नियमग्रंथात बाप्तिस्म्याआधी तीन वर्षं शिकवणीची सांगितली आहेत. माणूस मनापासून झटत असेल तर काळापेक्षा त्याचं आचरण पाहावं, असंही तिथेच आहे. आजही कॅथलिक चर्चमध्ये मोठ्या माणसांची तयारी साधारणपणे बरेच महिने चालते आणि बाप्तिस्मा पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्री होतो. तेवढ्या काळात मंडळीचा एखादा वाईट दिवस पाहून घ्या: तिथल्या लोकांचं भांडण, पाळकांची (धर्मगुरूंची) चूक, तुमचा नकार ते कसा घेतात ते. तुम्ही "नाही" म्हटल्यावरही ज्यांचं वागणं बदललं नाही, त्यांच्यात बाप्तिस्मा घ्यायला हरकत नाही.

राहिलं ध्यान. श्वासाकडे लक्ष देणं कोणत्याही एका धर्माच्या मालकीचं नाही आणि ख्रिस्ती परंपरेतही मौन प्रार्थनेची जुनी वाट आहे. पण तुमच्या बाबतीत प्रश्न धर्माचा कमी आणि आठवणीचा जास्त आहे. मार खाल्ल्यानंतर डोळे मिटायला लावलेल्या मुलीला डोळे मिटले की तीच खोली आठवू शकते. तसं होत असेल तर सध्या मिटल्या डोळ्यांचं ध्यान थांबवा. डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर टेकवून, समोरच्या दोन-चार वस्तूंवर नजर फिरवत पाच मिनिटं बसा, किंवा चालत चालत प्रार्थना करा. ध्यानाने खरोखर शांत वाटत असेल तर ते चालू ठेवा आणि पाळकांना तसं मोकळेपणी सांगा. ते काय उत्तर देतात, त्यावरूनही तुम्हाला त्या मंडळीबद्दल बरंच कळेल.